तीन टिंबं

कॅसेटवर अकरा सेकंद कुणीच बोलत नव्हतं. पंख्याची घरघर होती, मागे कुणीतरी खुर्ची सरकवली तो आवाज होता, एक खोकला होता. मला वाटलं फीत अडकली. हेडफोन काढून यंत्राच्या काचेतून पाहिलं, तर दोन्ही चकत्या नीट फिरत होत्या. हेडफोन पुन्हा चढवला तेवढ्यात आवाज आला, “नाही. हे मी आत्ता जे म्हणालो ते बरोबर नाही. पुन्हा सांगतो.”

व्याख्यानांचं शब्दांकन करायचं काम मी नुकतंच हाती घेतलं होतं. ध्वनिमुद्रण ऐकायचं, अर्धं वाक्य कागदावर उतरवायचं, मागे जायचं, पुन्हा ऐकायचं. एका तासाचं व्याख्यान कागदावर यायला माझे तीन-चार दिवस सहज जात. हे व्याख्यान इतिहासाच्या एका ज्येष्ठ अभ्यासकांचं होतं. सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणते. विषय होता इतिहासातला पुरावा. थांबण्याआधी ते म्हणाले होते, “ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं इतिहासकाराला धरून चालावं लागतं.” मग ते अकरा सेकंद. आणि त्यानंतर, सावकाश, “ज्याची नोंद नाही त्याबद्दल इतिहासकाराला गप्प बसावं लागतं. घडलं नाही असं म्हणायचा अधिकार त्याला नाही. नोंद कोणी ठेवायची आणि कुणाची ठेवायची, हे ज्यांची नोंद राहिली नाही त्यांना कुणी विचारलेलं नसतं.”

मी पहिलं वाक्य काढून टाकलं. वक्त्याने स्वतःच मागे घेतलेलं वाक्य छापून त्याची अडचण कशाला करायची, असा माझा प्रामाणिक विचार होता. ‘म्हणजे’, ‘काय झालं’, ‘तर’ हे सगळं गाळलं, अर्धी वाक्यं पुरी केली आणि स्वच्छ प्रत सरांकडे पाठवून दिली. आठवड्याने ती परत आली. बाकी सगळीकडे दोन-चार शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या, आणि त्या जागी समासात पेन्सिलीने लिहिलेलं, ‘माझी चूक कुठे गेली?’

मी फोन केला. ते अजिबात रागावलेले नव्हते. म्हणाले, “त्या दिवशी शंभरेक माणसं समोर होती. त्यांनी ते पहिलं वाक्य ऐकलं. मग मी ते त्यांच्यादेखत मागे घेतलं. आता वाचणाऱ्याला तुम्ही नुसतं दुसरं वाक्य दिलंत, तर त्याला वाटेल मी ते घरूनच बांधून आणलं होतं. ते तिथे सुचलं हो. समोर एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती पाहिली आणि कळलं की आपण चुकीचं बोललो.”

“मग तुम्ही थांबलात ते कसं दाखवू?”

“तीन टिंबं द्या.”

त्या फोननंतर माझी कामाची पद्धत बदलली. व्याख्यान ऐकायची पद्धतही बदलली.

पुस्तकं असताना व्याख्यानाला कशाला जायचं, हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय, आणि विचारणारे वाचणारेच लोक असतात. तेच विचार पुस्तकात अधिक नीट मांडलेले असतात, तळटीपा असतात, कंटाळा आला तर पान उलटता येतं. हे सगळं खरं आहे. पण पुस्तक माझ्या हातात येतं तेव्हा त्याचं लिहिणं संपलेलं असतं. माझ्या कपाळावर आठी पडली तरी त्याचं एक अक्षर हलत नाही. व्याख्यानात मात्र एक जाणता माणूस आपलं वाक्य घेऊन अनोळखी लोकांसमोर उभा राहतो आणि ते वाक्य तिथे टिकतं की नाही हे त्याला त्यांच्या चेहऱ्यांवर वाचावं लागतं. इतिहास, राजकारण, साहित्य, कला या विषयांत तर हे फारच मोलाचं. कारण या विषयांत समोर बसलेला प्रत्येक जण आधीच काहीतरी मानत असतो. रसायनशास्त्राच्या व्याख्यानाला आपण कोरे जातो. इतिहासाच्या व्याख्यानाला कुणीच कोरं जात नाही.

१९६१ साली केंब्रिजमध्ये इतिहासकार ई. एच. कार यांनी इतिहास म्हणजे काय याच प्रश्नावर व्याख्यानं दिली. त्यांचा एक मुद्दा माझ्या कामाला इतका चिकटून आहे की मी तो विसरूच शकत नाही. तथ्यं आपणहून बोलत नाहीत. कोणत्या तथ्याला बोलायला उभं करायचं, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या संदर्भात, हे इतिहासकार ठरवतो. शब्दांकन करणारी मी याच जागेवर बसलेली असते. वक्त्याचं कोणतं वाक्य राहील, कोणतं जाईल, हे एका बंद खोलीत मी ठरवते आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

या जागेवर माझ्याआधी बसलेल्या माणसांबद्दल वाचलं तेव्हा मला दिलासा वाटला आणि धडकीही भरली. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलची कलेवरची व्याख्यानं आज जगभर वाचली जातात. हेगेल १८३१ मध्ये वारला. व्याख्यानांचं पुस्तक १८३५ पासून निघालं, ते होथो नावाच्या त्याच्या विद्यार्थ्याने सिद्ध केलं. हेगेलची टाचणं, स्वतःची आणि इतर विद्यार्थ्यांची टिपणं, असं सगळं जुळवून त्याने एकसंध, भरघोस ग्रंथ उभा केला. इतर विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या वर्षी घेतलेली टिपणं पुढे अभ्यासकांनी ताडून पाहिली, तेव्हा त्या एकसंधपणात होथोचा स्वतःचा हात बराच असावा असं मत पुढे आलं. म्हणजे दीडशे वर्षं लोक ज्याच्याशी वाद घालत होते तो कितपत हेगेल होता आणि कितपत होथो, हा प्रश्नच आहे. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरची गोष्ट तर याहून विलक्षण. जिनिव्हामध्ये १९०७ ते १९११ या काळात त्याने भाषाविज्ञानावर व्याख्यानं दिली, १९१३ मध्ये तो गेला, आणि १९१६ मध्ये त्याच्या नावावर जे पुस्तक आलं ते बाली आणि सेशे या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून रचलं. ते दोघे त्या व्याख्यानांना बसलेच नव्हते! विसाव्या शतकातल्या भाषाविचाराचा एक मुख्य खांब हा असा, ऐकलेल्यांच्या वह्यांवर न ऐकलेल्यांनी उभा केलेला.

मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी ते केलं नसतं तर आपल्या हाती काहीच आलं नसतं. पण होथोच्या त्या गुळगुळीत पानांकडे पाहताना मला राहून राहून वाटतं, हेगेल कुठे थांबला असेल? कुठल्या वाक्यावर त्याने मान हलवली असेल?

थांबण्याचे प्रकार असतात, आणि ते ओळखायला कान तयार व्हावा लागतो. काही वक्ते टाळीसाठी थांबतात, तो थांबा एक-दीड सेकंदाचा आणि मोजून घेतलेला असतो. त्याआधीचं वाक्य नेहमी वर चढत गेलेलं असतं. काही जण शब्द आठवत नाही म्हणून थांबतात, तेव्हा श्वास ऐकू येतो. आणि फार थोडे जण असे असतात की त्यांना बोलता बोलता काहीतरी दिसतं. त्या थांब्यात श्वाससुद्धा ऐकू येत नाही.

कलेवर बोलणाऱ्यांना हा थांबा जास्त जमतो, असा माझा अनुभव आहे. कारण तिथे बोलणाऱ्याच्या शेजारी चित्र असतं आणि ते गप्प असतं. हाइनरिश व्योल्फ्लिन हा कलेचा इतिहासकार अंधाऱ्या सभागृहात दोन चित्रं शेजारी-शेजारी पडद्यावर टाकून बोलत असे. दोन चित्रांची अशी तुलना करून शिकवण्याची रीत त्याच्यामुळे रूढ झाली. त्याला ऐकलेल्यांच्या आठवणी अशा की चित्र पडद्यावर आलं की तो लगेच बोलत नसे. श्रोत्यांच्या बाजूने, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा, आधी पाहत राही. मग शब्द यायला लागत. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. हजार वेळा पाहिलेलं चित्र लोकांसमोर पुन्हा पहिल्यापासून पाहायचं, आणि लोकांना आपलं पाहणं पाहू द्यायचं.

अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याची व्याख्यानं मी कानांनी ऐकली आहेत, कारण त्याचं ध्वनिमुद्रण सुदैवाने राहिलं. १९४६ मध्ये ग्रंथालयातली नोकरी गेली म्हणून तो व्याख्यानांकडे वळला, आणि तोवर चारचौघांत बोलायची त्याला धास्ती होती. पुढे दृष्टी गेली. १९६७-६८ मध्ये हार्वर्डमध्ये त्याने कवितेवर सहा व्याख्यानं दिली, तेव्हा समोर कागद ठेवून उपयोगच नव्हता. फिती कितीतरी वर्षं तशाच पडून होत्या, पुस्तक आलं २००० साली. त्या ध्वनिमुद्रणात तो ओळ आठवतो, थांबतो, पुढची ओळ आठवतो. आपण ऐकणारेही त्याच्याबरोबर त्या ओळीची वाट पाहतो. छापील पुस्तकात त्या दोन ओळींमध्ये अंतरच नाही. एकीखाली दुसरी, लगेच.

शांततेचं बोलणं म्हणाल तर मला कऱ्हाडचं साहित्य संमेलन आठवतं, अर्थात ऐकून आणि वाचून. १९७५ साल, आणीबाणी चालू, अध्यक्ष दुर्गा भागवत, आणि स्वागताध्यक्ष सत्तेतले यशवंतराव चव्हाण. तिथे दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून उभं राहून प्रार्थना करण्याचं आवाहन केलं. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. कुठल्याही अध्यक्षीय भाषणातल्या वाक्यांपेक्षा ती शांतता जास्त बोलली असेल. ती मी लिहून काढायची ठरवली तर किती टिंबं देऊ?

एका व्याख्यानाबद्दल मात्र मला नेहमी संकोच वाटतो, कारण ते देणाऱ्यालाच ते छापायला नको होतं. आबी वारबुर्ग हा चित्रांचा आणि प्रतीकांचा मोठा अभ्यासक. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला त्याचं मन ढळलं आणि काही वर्षं तो मनोरुग्णांच्या उपचारगृहात होता. २१ एप्रिल १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइट्सलिंगेनच्या उपचारगृहात त्याने डॉक्टर, रुग्ण आणि काही पाहुणे यांच्यासमोर व्याख्यान दिलं. विषय होता उत्तर अमेरिकेतल्या प्वेब्लो लोकांचे सर्पाशी जोडलेले विधी. सत्तावीस वर्षांपूर्वी तो त्या प्रदेशात हिंडून आला होता, तिथली छायाचित्रं त्याने पडद्यावर दाखवली. आपलं मन पुन्हा ठिकाणावर आलं आहे, आपण सलग विचार करू शकतो, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. पुढच्या वर्षी तो तिथून बाहेर पडला.

जरा थांबून विचार करा. बरं झाल्याचा पुरावा म्हणून त्याने रक्ताची चाचणी दिली नाही, व्याख्यान दिलं. एक वाक्य दुसऱ्याला जोडत, भीती आणि प्रतीक यांचं नातं उलगडत, लोकांसमोर शेवटापर्यंत पोचणं. भीतीवर बोलणारा माणूस स्वतः त्या भीतीतून नुकता बाहेर येत होता. आणि काही दिवसांतच त्याने आपल्या सहकाऱ्याला कळवलं की हे छापायचं नाही. हे कच्चं आहे, याला शास्त्रीय आधार पुरेसा नाही, असं त्याचं म्हणणं. १९२९ मध्ये तो वारला आणि १९३९ मध्ये ते इंग्रजीत छापलं गेलं. मी ते वाचलंय, त्यातून शिकलेय, आणि तरी प्रत्येक वेळी वाटतं की आपण एका खोलीच्या दाराला कान लावून बसलो आहोत. त्या खोलीत बसलेल्या माणसांना जे समोर दिसत होतं, ते आपल्याला दिसत नाही. त्याच्या हाताला कंप होता का? कुणी एखादा रुग्ण मध्येच उठून गेला का? त्याच्या दृष्टीने व्याख्यान त्या माणसांसाठी होतं, आणि त्यांच्यापाशी ते संपलं होतं.

याच्या अगदी उलट टोकाला एक व्याख्यान आहे, जे कधी दिलंच गेलं नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या परिषदेचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिलं. त्यांनी भाषण लिहून मुंबईत छापायला घेतलं. मंडळींनी ते आधी पाहिलं आणि बिचकली. काही भाग गाळा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी कळवलं की मी एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच झाली नाही. मग त्यांनी ते भाषण स्वतः प्रसिद्ध केलं, दीड हजार प्रती काढल्या, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या.

‘एक स्वल्पविरामही नाही.’ हे वाक्य शब्दांकन करणाऱ्या प्रत्येकाने टेबलासमोर लावून ठेवावं असं मला वाटतं. पण त्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त हलवून टाकतं ते दुसरंच. न झालेल्या सभेचं भाषण त्यांनी लेखात बदललं नाही. ते भाषणच राहिलं. सुरुवातीलाच ते म्हणतात की मला अध्यक्ष म्हणून बोलावणाऱ्या या मंडळींबद्दल मला वाईट वाटतं, त्यांना यासाठी बरेच प्रश्न विचारले जातील. पुढे ठिकठिकाणी ‘तुम्ही’ आहे. तुम्ही असं म्हणाल, तुम्हाला हे करावं लागेल. हिंदू श्रोत्यांपुढचं हे आपलं बहुधा शेवटचं भाषण, असंही ते सांगतात. समोर माणसं नाहीत, सभागृह नाही, आणि तरी ‘तुम्ही’ तसाच ठेवलेला. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे ‘तुम्ही’ माझ्यावर येऊन आदळलं होतं. लाहोरच्या त्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर मला बसवलं गेलं आणि उठायची सोय राहिली नाही.

आणखी एक. त्यांनी मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही भाषणासोबत छापला. काय गाळायला सांगितलं गेलं, कुणी सांगितलं, आपण काय उत्तर दिलं, सगळं वाचणाऱ्यापुढे ठेवलं. पुढे गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्या भाषणावर लिहिलं, तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेलं उत्तर, दोन्ही घातलं. व्याख्यानानंतर जी प्रश्नोत्तरं व्हायची ती सभागृहात होऊ दिली गेली नाहीत, म्हणून त्यांनी ती पुस्तकात घडवून आणली. विरोधकाला त्याच्याच शब्दांत आपल्या पुस्तकात जागा देणं, हे मला सभेत ‘विचारा’ म्हणून उभं राहण्यासारखंच वाटतं.

प्रश्नोत्तरांचं दुःख मला फार आहे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक कॅसेटी एकाच जागी तुटतात. सूत्रसंचालक म्हणतात, “आता काही प्रश्न असतील तर…” आणि खट्. कुणीतरी रेकॉर्डर बंद केलेला असतो. मुख्य भाषण झालं, आता काय राहिलं, अशा समजुतीने. वक्त्याचं तासाभराचं बोलणं जपून ठेवलं आणि त्याला जे विचारलं गेलं ते सोडून दिलं! लांबलचक स्वगत म्हणणारे प्रश्नकर्ते असतात हे मी जाणते, त्यांना ऐकताना मीही वैतागले आहे. पण एका कॅसेटवर, रेकॉर्डर बंद करायला कुणी विसरलं म्हणून राहिलेला एक प्रश्न आहे. साहित्यातल्या वास्तववादावर मोठं, देखणं भाषण झालेलं. मग एका मुलीचा आवाज येतो, माइकपासून लांब, म्हणून पुसट. “तुम्ही आज एकवीस लेखकांची नावं घेतली. मी मोजली. त्यात एकही लेखिका नव्हती. त्या लिहीत नव्हत्या, की तुम्ही वाचल्या नाहीत?” पुढे बराच वेळ काही नाही. आणि मग वक्ते म्हणतात, “वाचल्या नाहीत.” त्या भाषणातलं माझ्या मते सगळ्यात खरं वाक्य तेच, आणि ते मिळवून दिलं ते माइकपासून लांब उभ्या असलेल्या मुलीने.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये केंब्रिजच्या मुलींच्या दोन महाविद्यालयांत स्त्रिया आणि कथासाहित्य या विषयावर बोलली. पुढच्या वर्षी त्यातून ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (स्वतःची खोली) हे जे पुस्तक झालं, त्याचा पहिलाच शब्द ‘पण’ आहे. पण आम्ही तर तुम्हाला स्त्रिया आणि कथासाहित्य यावर बोलायला सांगितलं होतं, त्याचा स्वतःच्या खोलीशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. म्हणजे बोलणारी अजून काही बोललेली नाही आणि समोरच्यांची शंका आधी उभी आहे. सभागृहात बसलेल्या मुलींना तिने पुस्तकाच्या पहिल्या ओळीत बसवून टाकलं. मला हे मोठ्या मनाचं वाटतं.

आता कॅसेटी गेल्या. व्याख्यान संपायच्या आत ते फोनवर पोचलेलं असतं. जे कधी सभागृहापर्यंत येऊ शकले नसते असे कितीतरी लोक आज ऐकू शकतात, याचा मला मनापासून आनंद आहे. अंथरुणाला खिळलेली माझी एक मैत्रीण रोज संध्याकाळी कुठलं ना कुठलं व्याख्यान लावते, तिच्यासाठी ते सभागृहच आहे. पण काही गोष्टी सलतात. दीडपट वेगाने ऐकायची सवय त्यातली एक. त्या वेगात बोर्हेसचा थांबा राहत नाही. आवाजातल्या मोकळ्या जागा आपोआप कापून टाकणारी साधनंही आता आली आहेत. एका संपादकाने मोठ्या कौतुकाने सांगितलं की सत्तर मिनिटांचं व्याख्यान आम्ही बावन्न मिनिटांवर आणलं, शब्द एकही गाळला नाही. मी त्यांना विचारलं, मग अठरा मिनिटं काय गाळलं?

आणि याहून वाईट ते तुकडे. राजकारणाच्या एका अभ्यासकांचं शब्दांकन मी बरीच वर्षं करत आले आहे. त्यांची पद्धत अशी, की ज्या मताला उत्तर द्यायचं ते आधी स्वतः मांडायचं, आणि ते मानणाऱ्यालाही वाटावं की याहून चांगलं मलाही मांडता आलं नसतं, इतकं प्रामाणिकपणे मांडायचं. पाच-सात मिनिटं. मग ते थांबतात, आणि “आता मला हे का पटत नाही ते सांगतो” म्हणून सुरू करतात. कुणीतरी त्यातली पहिली दोन मिनिटं तोडून फिरवली. त्यांचंच मत म्हणून. हजारो लोकांनी ती पाहिली, शिव्या दिल्या, त्यांच्या घरी फोन आले. संपूर्ण व्याख्यान उपलब्ध होतं, पण ते कोण ऐकणार? त्यानंतरच्या व्याख्यानात ते कागदावरून वाचत होते. विरोधी मत एका वाक्यात उरकलं होतं. ते लिहून काढताना मला मध्ये कुठेही टिंबं द्यावी लागली नाहीत, आणि टंकलेखन संपवून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. एक माणूस दुसऱ्याचं म्हणणं न्यायाने मांडायला घाबरू लागला होता, आणि ते मला सरळ, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेल्या पानांवर दिसत होतं.

अशा वेळी जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरच्या एका व्याख्यानाची सुरुवात मी काढून वाचते. २८ जानेवारी १९१९, म्युनिक. युद्ध हरलेलं, राजेशाही गेलेली, शहरात क्रांतीचं सरकार, समोर विद्यार्थी, विषय राजकारण. त्यांना आज काय करायचं हे ऐकायचं होतं. वेबरने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की तुमच्या इच्छेवरून मी हे व्याख्यान देतोय खरा, पण ते तुमची अनेक बाबतींत निराशा करणार आहे. आणि मग तो राजकारण हे काम मुळात काय असतं, ते करणाऱ्याला काय सोसावं लागतं, यावर बोलत राहिला. तेही कुणीतरी लघुलिपीत उतरवून घेतलं, म्हणून राहिलं. समोरच्यांना हवं ते न देण्याचं धैर्य, आणि तेही त्यांना तोंडावर सांगून. दोन मिनिटांच्या तुकड्यात हे कसं मावणार?

सरांचं शेवटचं व्याख्यान माझ्याकडे शब्दांकनाला आलं तेव्हा ते जाऊन चार महिने झाले होते. पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूची जुनीच कॅसेट. विषय परत पुरावाच, या खेपेला मौखिक परंपरेचा. पंचेचाळिसाव्या मिनिटाला ते म्हणतात, “या सगळ्याचा मला जो अर्थ लागतो तो सांगायचा, तर…” आणि बाजू संपते. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा ते पुढच्या मुद्द्यावर गेलेले आहेत. मध्ये किती गेलं असेल? अर्धं मिनिट, फार तर एक.

त्या दिवशी सभागृहात असलेल्या तिघांचा मी शोध घेतला. पहिल्यांना ते वाक्य लख्ख आठवत होतं, आणि त्यांनी ते सरांच्या आवाजात म्हणूनही दाखवलं. दुसऱ्यांनाही लख्ख आठवत होतं, आणि ते वेगळंच होतं. दोन्ही वाक्यं सुंदर होती. दोन्ही सरांच्या तोंडी शोभली असती. तिसऱ्या बाईंनी वही आणली. त्यांची टिपणं नेटकी, तारीख घालून, मुद्द्याला आकडा देऊन. त्या जागी बोट ठेवून त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. सातव्या आणि आठव्या मुद्द्याच्या मध्ये एक ओळ कोरी सोडलेली होती आणि कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सर खिडकीकडे बघतायत.’

संपादकांना पहिलं वाक्य आवडलं होतं. ते घालू या, असा त्यांचा आग्रह होता. पुस्तकाच्या मलपृष्ठावरही ते छान दिसलं असतं. मी नाही म्हटलं. खूप वर्षांनी मी त्यांना नाही म्हटलं असेन. छापील पुस्तकात पान एकशे बारावर तीन टिंबं आहेत, आणि त्यांच्यापुढे चौकटी कंसात, ‘इथे कॅसेटची बाजू बदलली.’